‘दिला असता’ की ‘दिल्याचे समजते’? फ्रेंच कोंदिसिओनेल वाचण्याची आणि वापरण्याची रीत

फ्रेंच वर्तमानपत्र पहिल्यांदा हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला एक वाक्य हमखास अडवते: ‘ल मिनिस्त्र ओरे देमिसिओने’. (या लेखात फ्रेंच शब्द कानाला ऐकू येतात त्याच्या जवळपास देवनागरीत लिहिले आहेत.) ‘ओरे’ हे रूप तो जर-तरच्या धड्यात शिकलेला असतो, त्यामुळे तो सरळ भाषांतर करतो, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता.’ मग राजीनामा का दिला नाही, हे शोधत तो बातमी शेवटपर्यंत वाचतो आणि ते कारण त्याला कुठेच सापडत नाही. वाक्याचा अर्थ असतो, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते.’ एका वाचनात राजीनामा दिलेलाच नाही, दुसऱ्या वाचनात तो दिला गेल्याची खबर आहे. आणि फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी अक्षर न् अक्षर तेच.

या रूपाचे फ्रेंच नाव कोंदिसिओनेल. आपल्या व्याकरणातल्या ‘संकेतार्थ’ या नावाशी त्याची जोडी लावली की चुकीला सुरुवात होते, कारण संकेत, म्हणजे अट, हा या रूपाचा फक्त एक उपयोग आहे. शाळेच्या पुस्तकांत त्याला पूर्वी आज्ञार्थासारखा स्वतंत्र ‘अर्थ’ मानत. आजचे अनेक फ्रेंच व्याकरणकार त्याला ‘स्वार्था’तलाच, म्हणजे साध्या विधानाच्या रूपांतलाच, एक काळ मानतात. मला हे दुसरे मत पटते, आणि त्याचे कारण रूपाच्या घडणीतच आहे.

कोंदिसिओनेल बनवायचे तर भविष्यकाळाचे अंग घ्यायचे आणि त्याला अपूर्ण भूतकाळाचे, म्हणजे ‘एंपार्फे’चे, प्रत्यय लावायचे. ‘पार्ले’ (बोलणे) या धातूचे भविष्यकाळी अंग ‘पार्लर्-’, त्यावरून ‘इल पार्लरे’. ‘एत्र’ (असणे) चे ‘सर्-’, त्यावरून ‘सरे’. ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) चे ‘ओर्-’, त्यावरून ‘ओरे’. ज्याला या दोन काळांची रूपे येतात, त्याला नवे काहीच पाठ करावे लागत नाही. ‘ओरे’ किंवा ‘सरे’ यांच्यापुढे भूतकाळवाचक धातुसाधित ठेवले की भूतकालीन कोंदिसिओनेल तयार होते.

ही घडण लॅटिनमधून आली आहे आणि मराठी माणसाला ती इतरांपेक्षा लवकर कळावी अशी आहे. बोलीतल्या लॅटिनमध्ये ‘कान्तारे हाबेओ’ म्हणजे शब्दशः ‘मला गायचे आहे’. त्यापासून फ्रेंच भविष्यकाळ झाला. ‘कान्तारे हाबेबाम’ म्हणजे ‘मला गायचे होते’. त्यापासून कोंदिसिओनेल झाले. आता आपली ‘-यचे होते’ ही रचना किती कामे करते ते पाहावे. ‘काल मला गायचे होते’ यात त्या वेळचा पुढचा बेत आहे. ‘मला गायचे होते, पण घसा बसला’ यात न घडलेली गोष्ट आहे. ‘तुम्हाला एक विचारायचे होते’ यात तर भूतकाळ मुळीच नाही, नुसती अदब आहे. बोलणारा आत्ताच्या क्षणापासून एक पाऊल मागे सरकून बोलतो आणि त्या अंतराचा अर्थ प्रसंगाप्रमाणे लागतो. कोंदिसिओनेलचे मर्म हेच आहे. विधानाच्या अगदी जवळ उभे न राहता, थोडे दूर उभे राहून ते करणे. ते अंतर कशापासूनचे आहे, एवढेच प्रत्येक वाक्यात ओळखायचे असते.

ओळखण्याची रीत

वाक्यात कोंदिसिओनेल दिसले की मी एका ठरलेल्या क्रमाने पाहतो. हा क्रम पाळला, तर दहांपैकी एखादेच वाक्य संशयित उरते.

सर्वांत आधी अट शोधावी. ती ‘सि’ (जर) या शब्दाने येते, पण नेहमीच नाही. ‘सां वु, जोरे एशुए’ म्हणजे ‘तुम्ही नसतात, तर मी नापास झालो असतो’. येथे सगळी अट ‘सां’ (शिवाय) या एका शब्दात मावली आहे. ‘ओ का ऊ’ (यदाकदाचित) आणि ‘कां ब्यें मेम’ (अगदी... तरीही) यांच्यामागूनही कोंदिसिओनेल येते. अट सापडली, तर मराठीत ‘-ला असता’ किंवा ‘-ईन’ हे रूप बिनधास्त वापरावे.

फ्रेंच लिहिताना मात्र येथेच आपला पाय घसरतो. मराठीत ‘तो आला असता, तर मी गेलो असतो’ असे दोन्ही बाजूंना एकच रूप चालते. फ्रेंचमध्ये ‘सि’ने सुरू होणाऱ्या अटीच्या बाजूला कोंदिसिओनेल चालत नाही. तेथे एंपार्फे किंवा पूर्ण भूतकाळ येतो आणि कोंदिसिओनेल फक्त परिणामाच्या बाजूला बसते. फ्रेंच शाळांमध्ये मुलांकडून एक ओळ पाठ करून घेतात, ‘ले सि नेम पा ले रे’, म्हणजे ‘सि’ला ‘रे’ आवडत नाहीत. ती आपणही पाठ करावी. एक अपवाद लक्षात असू द्यावा: ‘सि’चा अर्थ ‘जर’ नसून ‘की नाही’ असा असेल, तर त्याच्यामागे कोंदिसिओनेल येऊ शकते. ‘तो येईल की नाही, याचा मी विचार करत होतो’ या वाक्यात ‘सिल व्हियांद्रे’ अगदी शुद्ध आहे.

अट नसेल, तर मुख्य क्रियापद भूतकाळी आहे का ते पाहावे. ‘इल आ दी किल व्हियांद्रे’ म्हणजे ‘तो येईल, असे त्याने सांगितले’. हे भूतकाळातून पाहिलेले भविष्य आहे. यात शंका नाही, ऐकीव माहिती नाही, काही नाही. मराठी मूळ बोलण्याचा काळ तसाच ठेवते, म्हणून येथे साधे ‘येईल’ किंवा ‘येणार असल्याचे’ लिहावे आणि पुढे जावे.

तेही नसेल, तर बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर आहेत का ते पाहावे. ‘ज वुद्रे’ (मला हवे होते), ‘पुरिए-वु’ (आपण... शकाल का), ‘व्हु देव्हरिए’ (तुम्ही... करायला हवे) ही अदबीची रूपे आहेत. दुकानात ‘ज व्ह’ म्हणजे ‘मला पाहिजे’ असे म्हणणे फ्रेंच कानाला उद्धट लागते. आपणही ‘एक वही पाहिजे’ पेक्षा ‘एक वही हवी होती’ असे म्हणतो, त्यामुळे ही अदब आपल्याला शिकवावी लागत नाही. याच घराण्यातला पण वेगळ्या चवीचा उपयोग म्हणजे तक्रार. ‘त्यु ओरे प्यु म प्रेव्हनीर’ याचे ‘तू मला कळवू शकला असतास’ हे भाषांतर चूक नाही, पण निर्जीव आहे. त्याचे खरे मराठी ‘मला आधी सांगायचे तरी होतेस!’ येथेही ‘-यचे होते’ धावून येते.

प्रश्नार्थक वाक्य असेल, तर दोन शक्यता उरतात. ‘सरेतिल मालाद?’ म्हणजे ‘तो आजारी तर नसेल?’, हा बोलणाऱ्याचा स्वतःचा कयास आहे. ‘म्वा, ज मांतिरे?’ म्हणजे ‘मी? आणि खोटे बोलेन?’, हा संताप आहे. दोन्हींत दुसऱ्याने सुचवलेली किंवा सुचवली जाऊ शकेल अशी गोष्ट बोलणारा चिमटीत धरून समोर ठेवतो. सुरावरून फरक लगेच कळतो, आणि लिखाणात सुरुवातीच्या ‘म्वा’सारख्या जोर देणाऱ्या सर्वनामावरून.

मुलांचा खेळ हा उपयोग पाठ्यपुस्तकांत क्वचित दिसतो, पण तो फार गोड आहे. ‘म्वा, ज सरे ला रेन, त्वा, त्यु सरे ल दॉक्तर’, म्हणजे ‘मी राणी झाले हं, आणि तू डॉक्टर’. खेळ सुरू होण्याआधी जग मांडून घेण्याची ही भाषा आहे.

या सगळ्यांतून गाळून जे उरते, म्हणजे अट नसलेले, भूतकाळी ‘म्हणाला’ नसलेले, तृतीयपुरुषी, साधे विधानार्थी वाक्य, ते बहुतेक वेळा ऐकीव माहितीचे असते. वर्तमानपत्र वाचणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते याच वाक्याकडे.

ऐकीव माहितीचे कोंदिसिओनेल

फ्रेंच पत्रकारितेत हा उपयोग इतका रुळला आहे की त्याला ‘वृत्तपत्री कोंदिसिओनेल’ असेच नाव पडले आहे. त्यात तीन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या जातात: माहिती दुसऱ्याकडून आली आहे, तिची खातरजमा झालेली नाही, आणि लिहिणारा तिची जबाबदारी घेत नाही. यांपैकी कोणती गोष्ट मूळ आणि कोणत्या तिच्यातून निघालेल्या, यावर भाषाशास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. वाचकाने मात्र तिन्हींची नोंद घ्यावी. मराठीत हे काम क्रियापदाचे रूप करत नाही. त्यासाठी आपल्याला ‘समजते’, ‘कळते’, ‘सांगण्यात येते’ असे वेगळे क्रियापद लागते किंवा ‘म्हणे’ हा अव्ययासारखा शब्द लागतो. फ्रेंच माणूस ते अंतर प्रत्ययातच लपवतो, आणि म्हणूनच ते आपल्या नजरेतून निसटते.

एक छोटी बातमी सावकाश वाचून पाहू. समजा, रात्री एका गोदामाला आग लागल्याची चार वाक्यांची बातमी आहे. पहिले वाक्य सांगते, की आग लागली. क्रियापद साध्या भूतकाळात, कारण ते बातमीदाराने पाहिले आहे किंवा अग्निशमन दलाने अधिकृतपणे सांगितले आहे. दुसरे वाक्य, ‘द पेर्सॉन सरे ब्लेसे’, म्हणजे दोन जण जखमी झाल्याचे समजते. तिसरे, ‘ल फ सरे पार्ती’ असे सुरू होऊन आग एका कार्यशाळेतून पसरल्याचे सांगते. पुन्हा कोंदिसिओनेल, म्हणजे पुन्हा ऐकीव. चौथे वाक्य चौकशी सुरू झाल्याचे सांगते, पुन्हा साध्या भूतकाळात. एकही ‘कथित’, ‘बहुधा’, ‘सूत्रांनुसार’ न वापरता वाचकाला कळले, की आग आणि चौकशी पक्की आहे, जखमींचा आकडा आणि आगीचे ठिकाण पक्के नाही. दुसऱ्या दिवशी तीच बातमी ‘द पेर्सॉन ओं एते ब्लेसे’ अशी आली, तर आकड्याला दुजोरा मिळाला असे समजावे. बदललेले एवढे एक क्रियापदच नवी बातमी असते. चारही वाक्ये मराठीत सरसकट ‘लागली, झाले, पसरली, सुरू झाली’ अशी उतरवणारा अनुवादक शब्द सगळे आणतो आणि बातमीचा अर्धा मजकूर मागे ठेवतो.

काळाची सांगड अशी घालावी. वर्तमान कोंदिसिओनेल आत्ताच्या आणि पुढच्या, अशा दोन्ही गोष्टींना चालते. राष्ट्राध्यक्ष पुढच्या आठवड्यात बर्लिनला जाणार असल्याचे समजते, हे सांगताना ‘स रांद्रे’ हे वर्तमान कोंदिसिओनेलच येते. घडून गेलेल्या गोष्टीसाठी ‘ओरे’ किंवा ‘सरे’ अधिक धातुसाधित. मराठीत त्यानुसार ‘असल्याचे’, ‘जाणार असल्याचे’ आणि ‘गेल्याचे’ अशी रूपे निवडावीत.

बातमीत ‘सलों’ किंवा ‘दाप्रे’ (अमुकच्या म्हणण्यानुसार) हे शब्द असतील, तर उगमस्थान उघड सांगितलेले असते आणि खरे पाहता साधे क्रियापदही पुरते. तरीही बातमीदार कोंदिसिओनेल वापरतो, तेव्हा तो आणखी एक पायरी दूर उभा असतो. ‘सलों लुई, तु इरे ब्यें’ म्हणजे ‘सगळे ठीक चालले आहे, असे त्यांचे म्हणणे’, आणि त्या म्हणण्यात लिहिणाऱ्याचा अविश्वास बऱ्याचदा डोकावतो. येथे ‘त्यांच्या मते’ एवढे पुरत नाही. ‘त्यांचे म्हणणे खरे मानले तर’ असे काही लिहावे लागते.

आता कायद्याविषयी. फ्रान्समधल्या पुष्कळ नवशिक्या लेखकांचा असा समज असतो, की कोंदिसिओनेल वापरले म्हणजे बदनामीच्या खटल्यापासून सुटका. तसे मुळीच नाही. 29 जुलै 1881 च्या वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या कायद्यातले कलम 29 बदनामीची व्याख्या करते आणि लगेच पुढे सांगते, की आरोप ‘शंकेच्या स्वरूपात’ केला असला, तरी त्याचे प्रकाशन शिक्षेस पात्र आहे. ‘त्याने पैसे खाल्ले’ आणि ‘त्याने पैसे खाल्ल्याचे समजते’ यांत व्याकरणाच्या दृष्टीने मोठा फरक असला, तरी या कलमापुढे केवळ त्या फरकाच्या बळावर सुटता येत नाही. शिवाय फ्रेंच दिवाणी संहितेच्या कलम 9-1 नुसार, जे 4 जानेवारी 1993 च्या कायद्याने आले, प्रत्येकाला आपल्या निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा आदर राखला जाण्याचा हक्क आहे. म्हणून गुन्ह्याच्या बातमीत कोंदिसिओनेलच्या जोडीला ‘प्रेझ्युमे’ (संशयित) हा शब्दही दिसतो. मला ही कायद्याची भूमिका न्याय्य वाटते. प्रत्यय बदलून अंतर दाखवता येते. एखाद्याच्या अब्रूला लागलेला डाग त्याने पुसला जात नाही.

निबंधातला उपयोग

बातमीपेक्षाही जास्त फसवणारा उपयोग वैचारिक लेखनात येतो. फ्रेंच निबंधकार आपल्या विरोधकाचे मत पुष्कळदा कोणतीही सूचना न देता थेट कोंदिसिओनेलमध्ये मांडतो. ‘ल लातें सरे युन लांग मॉर्त’ असे एक वाक्य येते, त्यामागून लॅटिन शिकणे वाया कसे जाते याची दोन-तीन वाक्ये येतात, सगळी कोंदिसिओनेलमध्ये. आणि मग ‘ऑर’ (परंतु) या छोट्याशा शब्दाने लेखक वळतो आणि क्रियापदे साध्या वर्तमानात आणून स्वतःचे मत सांगू लागतो. कोंदिसिओनेल न ओळखणाऱ्या वाचकाला वाटते, की लेखक लॅटिनच्या विरोधात आहे आणि अर्ध्या वाटेत त्याने मत बदलले. वस्तुतः पहिल्या वाक्यातला ‘सरे’च सांगत होता, की हे माझे मत नव्हे.

याला मराठीत ‘म्हणे’इतका चपखल शब्द नाही. ‘लॅटिन म्हणे मृत भाषा! ती शिकणे म्हणे वेळेचा अपव्यय!’ असे लिहिले, की लेखकाची बाजू क्षणात कळते. मात्र ‘म्हणे’मध्ये उपहासाची धार असते आणि फ्रेंच कोंदिसिओनेलमध्ये ती दर वेळी नसते. मूळ लेखक संयमी असेल, तर ‘लॅटिन ही मृत भाषा आहे, असे मानले जाते’ हे शांत रूप घ्यावे. मूळ लेखणी तापलेली असेल, तर ‘म्हणे’ घ्यावे. बातमीच्या अनुवादात ‘म्हणे’ सहसा टाळावे, कारण तेथे ते कुजबुजीचा सूर आणते.

बाकालोरेआ या फ्रान्समधल्या शालान्त परीक्षेच्या तत्त्वज्ञानाच्या पेपरात आणि त्या वळणाच्या निबंधांत प्रस्तावनेला एक प्रश्न असतो: ‘ला लिबेर्ते न सरेतेल क्युन इल्युझिओं?’ म्हणजे ‘स्वातंत्र्य हा केवळ भास तर नसेल?’ लेखक मत मांडत नाही. तो एक मत तपासायला टेबलावर ठेवतो. ‘ए’ (आहे) ऐवजी ‘सरे’ घातल्याने वाचकाला आश्वासन मिळते, की पुढे दोन्ही बाजू पाहिल्या जातील. असे प्रश्न मराठीत आणताना ‘नसेल’, ‘असेल का’ ही रूपे पुरतात. ‘असता’ आणले, तर प्रश्नच मोडतो.

स्वतः लिहिताना

फ्रेंच लिहिताना सर्वांत मोठी खबरदारी ‘असावा’विषयी घ्यावी. दिवा बंद दिसला म्हणून आपण म्हणतो, ‘तो झोपला असावा.’ हा आपला स्वतःचा तर्क आहे आणि विधानार्थी वाक्यात त्यासाठी कोंदिसिओनेल चालत नाही. तेथे ‘दव्ह्वार’ हे सहायक क्रियापद वापरावे: ‘इल द्वा दॉर्मीर’. ‘इल सरे मालाद’ असे लिहिले, तर वाचकाला वाटेल, की कोणीतरी तुम्हाला तसे सांगितले आहे. ‘आजारी असावा’ म्हणजे ‘इल द्वा एत्र मालाद’ आणि ‘आजारी असल्याचे कळते’ म्हणजे ‘इल सरे मालाद’, ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहे. मराठीने हा भेद इतका स्वच्छ जपला आहे, की फ्रेंचमध्ये तो चुकण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

दुसरी खबरदारी अक्षरांची. प्रथमपुरुषी भविष्य आणि कोंदिसिओनेल, दोन्ही बहुसंख्य फ्रेंच लोकांच्या तोंडी एकसारखीच ऐकू येतात: ‘ज पार्लरे’. लिहिताना मात्र कोंदिसिओनेलच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘एस’ लागतो. शंका आली, तर ‘ज’च्या जागी ‘त्यु’ घालून पाहावे. ‘त्यु पार्लरा’ जमले, तर भविष्य. ‘त्यु पार्लरे’ जमले, तर कोंदिसिओनेल. तसेच ज्या धातूत आधीच ‘र’ आहे, त्याच्याशी सावध राहावे. ‘इल कुरे’ (तो धावत होता) मध्ये एक ‘आर’ आणि कोंदिसिओनेलमध्ये दोन. हा दुसरा ‘आर’ विसरला, की ऐकीव बातमीची सरळ आठवण होऊन बसते.

‘सव्ह्वार’ (माहीत असणे) या धातूचे नकारार्थी कोंदिसिओनेल हा स्वतंत्र मामला आहे. ‘ओं न सोरे’ याचा माहितीशी काही संबंध उरलेला नाही. त्याचा अर्थ ‘शक्य नाही’, आणि त्यात नकाराचा दुसरा शब्द ‘पा’ गाळतात. सरकारी पत्रांत आणि न्यायालयीन लेखनात तो ठाम नकार म्हणून येतो, म्हणून त्याचे भाषांतर ‘कदापि शक्य नाही’ असे ठणठणीत करावे.

शेवटी कोंदिसिओनेलच्या मात्रेविषयी. एका परिच्छेदात ते सात-आठ वेळा आले, तर फ्रेंच वाचकही कंटाळतो आणि कोणती माहिती कुणाकडून आली, हे त्याला कळेनासे होते. उगमस्थान एकदा नाव घेऊन सांगावे, पक्की झालेली वाक्ये साध्या क्रियापदात आणावीत, आणि ज्या एक-दोन गोष्टींची खातरजमा खरोखर बाकी आहे, त्यांच्यासाठीच ‘सरे’ आणि ‘ओरे’ राखून ठेवावेत. मराठीत अनुवाद करतानाही हाच हिशेब ठेवावा. मूळ मजकुरातली कोंदिसिओनेल पेन्सिलीने अधोरेखित करावीत, प्रत्येकापुढे अट, अदब, भूतातले भविष्य, प्रश्न किंवा ऐकीव असे एक अक्षर टाकावे आणि मगच पहिले मराठी वाक्य लिहायला घ्यावे.